पाना-पक्कड : फावल्या वेळातला झोपायचा ट्रेलर

मागे ओढायचा दोन चाकांचा ट्रेलर, आत दोघं झोपतील एवढी जागा, मागचं झाकण वर केलं की ओटा. रविवार-रविवार करून असा ट्रेलर घरीच बांधणाऱ्यांची पत्रं खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांतून आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतली मापं २.४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद केबिन धरून दिली आहेत. प्लायचा आठ बाय चारचा ताव याच मापाचा येतो आणि न कापता जमिनीला बसतो.

शाळा सांभाळून फक्त रविवार मिळतो. सुरुवात चासीपासून करू की केबिनपासून?
— एक शिक्षक, अमळनेर

दोन्हींच्या आधी आरटीओपासून करा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते, शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. बिनानंबरच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसतात म्हणून आपलंही चालून जाईल, या भ्रमात राहू नका.

सोपा रस्ता असा : मान्यता असलेल्या उत्पादकाकडून कागदपत्रांसह नुसती चासी घ्यायची आणि केबिन आपण बांधायची. मात्र त्यावर केबिन येणार आहे हे पहिल्याच अर्जात लिहा, कारण नोंदणी झाल्यावर वाहनात बदल करायला गेलात की कलम ५२ आडवं येतं. आराखडा, मापं आणि अंदाजे वजन एका कागदावर मांडून न्या आणि उत्तर लेखी घ्या. भरलेल्या ट्रेलरचं एकूण वजन ७५० किलोच्या आत राहिलं तर तो टी-१ या सर्वांत हलक्या गटात बसतो. आपला ट्रेलर ३५० ते ४०० किलोत बसवायचा आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही.

दुसरं, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढा. ओढायची क्षमता तिच्यात दिली नसेल, किंवा काही ओढू नका असं लिहिलं असेल, तर त्या गाडीला हुक लावायचा विचार सोडा.

वेळेचं म्हणाल तर केबिन, वायरिंग, रंग धरून २०० ते ३०० तास लागतात. रविवारचे सात तास धरले तर तीस-चाळीस रविवार. दिवाळीनंतर हात घातला आणि लग्नसराईत फार रविवार गेले नाहीत, तर पहिल्या पावसाच्या सुमारास पुरं होतं.

आमचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो, ७५ मिमीचं लोखंडी चॅनेल आणि ट्रॉलीचे पाटे (एकावर एक पानं रचलेली स्प्रिंग) टाकू, आयुष्यभर बघायला नको. त्याचं ऐकावं का?
— एक वाचक, चोपडा

तो ट्रॉलीच्या हिशेबाने बरोबर बोलतोय, पण तुम्हाला ट्रॉली बांधायची नाही. ट्रॉलीत ऊस नाहीतर केळीचे घड जातात. तुमच्या ट्रेलरमध्ये गादी, भांडी आणि पाण्याची टाकी.

हिशेब करून बघा. लांबीचे दोन नळ २.४ मीटरचे, आडवे पाच १.२ मीटरचे आणि पुढच्या त्रिकोणी दांडीचे दोन १.८ मीटरचे, म्हणजे एकूण १४.४ मीटर. ५० बाय ५० चा ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साधारण ४.४ किलो भरतो, म्हणून चासी ६३ किलोची होते. ७५ चं चॅनेल मीटरला सात किलोच्या आसपास, म्हणजे शंभर किलो. वरचे ३७ किलो दर खेपेला फुकट ओढायचे.

त्याहून घोटाळा पाट्यांचा. काही टनांसाठी बनलेले पाटे ३८० किलोखाली वाकतच नाहीत. चाक खड्ड्यात गेलं की हादरा सरळ केबिनला पोचतो. मग प्लायचे स्क्रू ढिले होतात, पत्र्याचे सांधे उघडतात आणि पुढच्या पावसात पाणी आत येतं. आपण सीलंटला दोष देतो, चूक पाट्याची असते. पाटा बरोबर आहे की नाही हे असं मोजा : रिकाम्या ट्रेलरचं एक्सल ते चासी अंतर घ्या, मग सगळं सामान भरून पुन्हा घ्या. २५ ते ४० मिमीचा फरक हवा. १० मिमीसुद्धा बसत नसेल तर पानं कमी करा. मुख्य पान आणि पानं एकत्र धरणारा मधला बोल्ट मात्र तसाच ठेवा.

चाकाला १४५/८० आर-१२ हा छोट्या गाड्यांचा टायर पुरतो. त्यावर ७४ हा भारांक असेल तर एका टायरची क्षमता ३७५ किलो, दोघांची मिळून ७५०. ओढणाऱ्या गाडीचंच चाक ट्रेलरला बसत असेल तर आणखी चांगलं, दोघांत एक स्टेपनी चालते.

चासी तिथेच जोडून घेणार असाल तर वेल्डिंगच्या वेळी उभे राहा. ३ मिमीच्या पाइपला २.५ मिमीचा रॉड आणि ६० ते ९० अँपिअर पुरे. जाड रॉड आणि जास्त करंट लावला की पाइपला भोक पडतं, मग ते बुजवायला ढिगाने माल भरला जातो. आधी सगळीकडे फक्त टॅक, म्हणजे ठिपक्याएवढा कच्चा वेल्ड, मारायला सांगा. दोन्ही कर्ण टेपने मोजा, ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तिथेच ठोकून सरळ करा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून वेल्ड. एका बाजूने सलग ओढत गेलं की चौकट पिळते आणि पिळलेल्या चौकटीवर केबिनचं दार कधीच नीट लागत नाही. दांडीचे नळ पहिल्या आडव्या पट्टीला नुसते चिकटवून थांबायचे नाहीत, ते तिच्याखालून मागे निदान दुसऱ्या पट्टीपर्यंत गेले पाहिजेत. दांडी मोडते ती नेमकी त्या पहिल्या सांध्यात.

धुळ्याच्या हायवेवर पन्नासच्या पुढे गेलं की ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डोलतो. टायर बदलले, फरक नाही. ओटा आणि पाण्याची ४० लिटरची टाकी मागे आहे.
— एक वाचक, पारोळा

रोग तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड. ट्रेलर थोडा धुरजडच हवा. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला की मागचं वजन लंबकासारखं झुलतं आणि प्रत्येक झोल गाडीची मागची बाजू ढकलतो. वेग वाढला की झोल वाढतो.

आधी मोजा. एकूण वजन जवळच्या वजनकाट्यावर करा, जिनिंगचा काटाही चालेल. ट्रेलर गाडीपासून सोडून दोन्ही चाकं आणि दांडी काट्यावरच राहतील असा उभा करा. मग सपाट जमिनीवर हुकाचा भार मोजा. घरातला माणसांचा काटा जमिनीवर ठेवा, त्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि दांडीचं तोंड त्यावर टेकवा. ठोकळ्याची उंची अशी की ट्रेलर गाडीला जोडल्यावर जसा राहतो तसाच सपाट राहील. मोजताना दोन्ही चाकांच्या पुढे-मागे विटा लावायला विसरू नका.

एकूण वजन ३८० किलो असेल तर काट्याने ३८ ते ५७ दाखवायला हवेत. तुमच्याकडे बहुधा वीसच्या आत येईल. एक्सल सरकवायची घाई करू नका, आधी टाकी सरकवा. केबिनच्या तोंडापासून १४५ सेंमीवर एक्सल आणि तोंडापासून हुक तेवढाच पुढे, असं धरलं तर हुक ते एक्सल २९० सेंमी. भरलेली टाकी ४० किलोची. ती मागच्या ओट्याखालून काढून पुढे गादीखाली नेली, म्हणजे दीड मीटर पुढे सरकवली, तर ४० गुणिले १५० भागिले २९०, हुकावर जवळजवळ २१ किलो वाढतात. एवढ्यावर काम होतं. टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा मोजा. मुक्कामाहून परतताना रिकाम्या टाकीनेही भार दहा टक्क्यांच्या खाली जाता कामा नये.

दुरुस्ती होईपर्यंत ट्रेलर डोलायला लागलाच, तर ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगने सावरायला जाऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपसूक उतरू द्या.

ट्रॉलीचा पिनचा हुक लावला असेल तर तोही काढा. पिन आणि भोकात ढिलाई असते, प्रत्येक गिअरला खट्ट करून धक्का बसतो. ५० मिमीच्या गोळ्याचा हुक घ्या आणि त्याखाली दोन साखळ्या एकमेकींवर फुलीसारख्या घाला, म्हणजे हुक निसटला तर दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते.

भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये झोपणं शक्य आहे का? एसी बसवू का?
— एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

एसी सोडून द्या. पाऊण टनाचा एसी ७०० ते ८०० वॅट खातो. रात्रभर चालवायला लागणाऱ्या बॅटऱ्यांचं वजन आणि किंमत दोन्ही ट्रेलरच्या आवाक्याबाहेर जातात. तापमान ४४-४५ वर गेलं तरी तुमच्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी असते, म्हणून १२ व्होल्टचा छोटा कूलर तिथे चांगलं काम करतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर आत दमट भट्टी होते. मृग लागला की कूलर घरी ठेवा.

खरं काम छताचं आहे. क्रम बाहेरून आत असा : पांढऱ्या रंगाचा १ मिमी अ‍ॅल्युमिनिअम पत्रा, त्याखाली ६ मिमी प्लाय, मग २५ मिमी एक्सपीएस शीट, आतून ४ मिमी प्लाय. एक्सपीएस म्हणजे रंगीत, घट्ट, पाणी न पिणारं थर्माकोल. साधं पांढरं थर्माकोलही उष्णता अडवतं, पण स्वस्तातलं विरळ शीट हादऱ्याने भुगा होतं. त्याचं चांगलं घट्ट शीट मिळत असेल तर हरकत नाही. चंदेरी बबल-फॉइल दोन प्लायच्या मध्ये दाबून बसवली तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. तिच्यासमोर मोकळ्या हवेचा थर असेल तरच ती उष्णता परतवते. सोलर पॅनेल छतापासून २५-३० मिमी उचलून बसवा, वीज मिळते आणि छताला सावलीही होते.

छतात एक पंखा हवा बाहेर फेकणारा, आणि हवा आत येण्यासाठी खाली सावलीच्या बाजूला जाळी. खालची जाळी नसेल तर पंखा नुसता घरघरतो. संध्याकाळी झोपायच्या दोन तास आधी तो लावा, भिंतीत साठलेली दिवसभराची उष्णता निघायला तेवढा वेळ लागतो.

इथे एक बारीक गोष्ट. अ‍ॅल्युमिनिअम तापलं की पसरतं. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पत्र्याच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो, आणि २.४ मीटरचा पत्रा तेवढ्यात जवळजवळ ३ मिमी लांबतो. स्क्रूची भोकं घट्ट ठेवली तर पत्र्याला जायला जागा नसते, मग तो मधेच फुगतो आणि दुपारी कडाड असा आवाज करतो. म्हणून मधल्या ओळीतले स्क्रू घट्ट, कडेकडे जाताना भोकं २ मिमी मोठी, आणि डोक्याखाली रबर वॉशर. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. लोखंडी चौकटीला पत्रा थेट टेकू देऊ नका, मध्ये रबर पट्टी ठेवा. ओल आली की दोन धातूंच्या मध्ये गंज आणि पांढरी पूड धरते.

पहिल्याच पावसात मागच्या झाकणाच्या बिजागरीतून गळलं, आणि ओट्याचा प्लाय फुगला. सिलिकॉन मारून झालं.
— एक वाचक, नवापूर

सिलिकॉन खरवडून काढा. त्यावर रंग बसत नाही, दुसरं सीलंट धरत नाही आणि हादऱ्याने ते कडेने सुटतं. त्याऐवजी पीयू सीलंट वापरा, आणि सांध्याच्या आत ब्युटिल टेप.

लांब पियानो बिजागरी गळणारच, तिच्या मधोमध पिनेची भोकं आहेत. ती बुजवत बसू नका, वरून झाका. छताच्या पत्र्याखाली सरकवलेली १०० मिमी रुंदीची रबरी पट्टी बिजागरीवरून लोंबती सोडा, कौलांवरून पाणी उतरतं तसं ते तिच्यावरून उतरतं. झाकणाच्या कडेला आतून, वर आडवी आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी, अशी उलट्या यू सारखी पन्हळ द्या आणि तिची तोंडं खाली बाहेर काढा. चुकून आत आलेलं पाणी तिथून निघून जातं.

फुगलेला प्लाय बहुतेक एमआर प्रतीचा असेल, तो घरातल्या कपाटासाठी असतो. जमीन आणि ओटा यांना आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय घ्या. जमिनीला १२ मिमी पुरतो, पूर्ण ताव २५ किलोच्या आसपास भरतो. आणि छाप कितीही चांगली असली तरी कापलेली कड उघडी ठेवली तर पाणी तिथूनच पितं. कडेला पातळ केलेल्या इपॉक्सीचे दोन हात द्या, स्क्रूच्या भोकातही एक थेंब.

झाकण आपोआप खाली येत असल्याचंही तुम्ही लिहिलं आहे. १४ किलोचं, १ मीटर उंच झाकण धरलं तर त्याचा भार बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे सुमारे ७० न्यूटन-मीटर. गॅस स्ट्रट (झाकण उचलून धरणारा गॅसचा दांडा) बिजागरीपासून २० सेंमीच्या परिणामी अंतरावर ढकलत असेल तर एकूण ३५० न्यूटन लागतात, म्हणून २०० चे दोन घ्या. उन्हात त्यांचा जोर थोडा वाढतो आणि थंडीत कमी होतो. पडणाऱ्या झाकणाचा त्रास डिसेंबरातच का जाणवतो, ते यातून कळेल.

बॅटरी किती मोठी घ्यावी?
— एक वाचक, धरणगाव

वापर लिहून काढा. २५ वॅटचा पंखा दहा तास म्हणजे २५० वॅट-तास, दिवे ४०, दोन मोबाइल ४०. बेरीज ३३०, म्हणजे १२ व्होल्टला २८ अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून ती ६० ची लागेल. लिथियम-आयर्न-फॉस्फेट असेल तर ५० ची पुरते आणि वजन निम्म्याहून कमी. स्वच्छ उन्हात १०० वॅटचं पॅनेल दिवसाला ३५० वॅट-तासांच्या आसपास भरून देतं, पावसाळ्यात त्यावर भरवसा नाही. कूलर चालवायचा असेल तर हा हिशेब पुन्हा करा. बॅटरी सावलीत, जमिनीलगतच्या पेटीत ठेवा. उष्णतेने लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य झपाट्याने घटतं. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभराच्या आत हवा, लांब असेल तर मधली वायर बिनराखणीची राहते.

सात पिनांच्या सॉकेटमध्ये कुठली वायर कुठे? उजवा इंडिकेटर दिला की मागचे सगळेच दिवे मिणमिणतात.
— एक वाचक, यावल

मिणमिणणं म्हणजे अर्थ (विजेची परतीची वाट) तुटलेला. गोळ्याच्या हुकातून अर्थ मिळेल अशा भरवशावर लोक राहतात. तिथे ग्रीस असतं, तो कधी मिळतो, कधी नाही. ३ नंबरच्या पिनेपासून ट्रेलरच्या चासीपर्यंत वेगळी जाड वायर ओढा आणि टोकाखालचा रंग खरवडून बोल्ट लावा. बाकी पिना : १ डावा इंडिकेटर (पिवळी), २ मागचा धुक्याचा दिवा (निळी), ३ अर्थ (पांढरी), ४ उजवा इंडिकेटर (हिरवी), ५ उजवा टेल (तपकिरी), ६ ब्रेक (लाल), ७ डावा टेल (काळी). ट्रेलरच्या दिव्यांचा भार गाडीच्या मूळ वायरिंगवर टाकू नका, रिले बॉक्स घालून तो थेट बॅटरीवरून घ्या.

तोरणमाळला न्यायचा आहे. घाटाआधी काय तपासावं? एका खेपेला चाकाचा हब हात लावता येणार नाही इतका तापला होता.
— एक वाचक, शहादा

हब तापला म्हणजे बहुधा बेअरिंगचा नट जास्त आवळलाय. चाक जॅकवर उचला, ते फिरवत फिरवत नट घट्ट करा म्हणजे रोलर नीट बसतात. मग नट एक षष्ठांश ते पाव फेरा मागे घ्या, भोक जुळवा आणि नवी कोटर पिन घाला, जुनी वाकवून पुन्हा वापरू नका. चाक वर-खाली धरून हलवलं तर अगदी किंचित खेळ जाणवला पाहिजे. ग्रीस बेअरिंगच्या रोलरांमध्ये दाबून भरा, नुसतं वरून फासलेलं कामाचं नाही. त्यानंतर २०-३० किलोमीटरवर थांबून दोन्ही हबना हात लावा. कोमट चालेल, दोन्हींत फरक नको.

ट्रेलरला ब्रेक नसेल तर उतारावर ते ३८० किलो गाडीच्याच ब्रेकवर येतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. अरुंद वळणावर ट्रेलर आतली बाजू कापतो, म्हणून वळण घेताना थोडं बाहेरून घ्या. मागे घेण्याचा सराव घाटात नको, आधी मोकळ्या मैदानात करा : ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि थोडंच.

थंडीत तिथे दारं-खिडक्या गच्च लावून झोपलात तर सकाळी छतावरून श्वासाचं पाणी टपकतं. दोन्ही बाजूंना बोटभर फट ठेवा. आणि केबिनमध्ये शेगडी किंवा कोळसे उबेसाठीसुद्धा नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भरिताची वांगी बाहेर पऱ्हाट्यांवरच भाजा, चवही त्याच धुराची. ५ किलोचा सिलिंडर बाहेरच्या पेटीत ठेवा आणि पेटीच्या तळाला भोकं पाडा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो. वर केलेली भोकं उपयोगाची नाहीत.